अकराव्या दिवशी, सकाळी सात

"आमच्या लोकांना वेळेची किंमत नाही." हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले. बँकेत ऐकलं, पंचायतीत ऐकलं, सरकारी इस्पितळात ऐकलं. बोलणारा दर वेळी आमच्यातलाच असतो आणि "आमच्या लोकांत" तो स्वतःला धरत नाही. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले तरी ते कानावर पडलं की मी बोलणाऱ्याला तिथंच अडवते. त्याचं कारण एकोणनव्वद सालचा फेब्रुवारी.

तेव्हा मी हरमलच्या मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. गोवा घटकराज्य होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. भाषेच्या चळवळीत भिंतींवर रंगवलेली अक्षरं अजून पुसली गेली नव्हती. आम्ही मराठीवाले आणि शेजारचे कोकणीवाले एकमेकांशी कोकणीतूनच भांडायचो. माझ्या दिराचा मुलगा गौरेश त्या भांडणावर हसायचा. त्यानं बसस्टॉपजवळ एक टेबल टाकलं होतं. विदेशी लोकांना खोल्या, स्कूटर, टॅक्सी, सगळं तो मिळवून द्यायचा. मला म्हणायचा, काकी, तुमचं मराठी गेलं, त्यांचं कोकणी आलं, पण पोट भरणार इंग्लिशवर.

आमच्याही घराची एक खोली हंगामात आम्ही भाड्यानं द्यायचो. एका वर्षी एक इंग्रज जोडपं राहून गेलं आणि खाटेखाली एक पिवळं पुस्तक विसरलं. इंग्लिश लोकांनी इटालियन कसं बोलावं याचं ते पुस्तक. हरमलला इटालियन लोक बरेच यायचे, म्हणून मी ते ठेवून घेतलं आणि संध्याकाळी वह्या तपासून झाल्या की वाचत बसायची. माझं इंग्लिश बेताचं, पण मुलांना शिकवण्याची सवय असल्यामुळे धडा कसा पाठ करायचा ते मला कळत होतं.

सगळ्यांत मला आवडला तारखांचा आणि भेटीच्या वेळांचा धडा. आधी वार, मग तारीख, मग महिना. महिने तर आमच्याकडच्या किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, शेजाऱ्यांच्या तोंडचेच वाटायचे. शेजारी फेब्रेर म्हणतात, इटालियन फेब्रायो. ते सेतेंब्र, हे सेत्तेंब्रे. दुपारच्या तीनला इटालियन लोक पंधरा वाजले म्हणतात, ते पुस्तक इंग्रजांना दोन पानं समजावत होतं. भेट ठरवण्याला त्यांचा एक लांबलचक शब्द आहे, आप्पुन्तामेन्तो. तो मी भाकऱ्या थापताना घोकायची. आमचे हे म्हणायचे, आता तवाही इटालियन बोलायला लागेल.

त्या हिवाळ्यात पाओला नावाची इटालियन बाई आमच्या खोलीत राहिली. पन्नाशीची, आखूड केसांची, हातांच्या नखांत कायम माती. तिच्या गावात मातीकामाची शाळा होती आणि ती तिथं शिकवायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तिनं एक मातीची कळशी पाहिली आणि ती घेऊन थेट माझ्याकडे आली. कोणाची, कुठली, विचारायला लागली. मी कळशी पालथी केली. बुडाला अंगठ्याचा ठसा होता. मी ओळखला, कारण माझं माहेर कारापूर आणि तो ठसा आमच्या कुंभारवाड्यातल्या सगुणचा.

सगुण माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मला बाय म्हणायचा. त्याचा बाप लवकर वारला आणि बापाच्या चुलतभावानं, भिकाजी आपानं, त्याला चाकावर बसवलं. घुमट वाद्याची भांडी, कळश्या, धुपाटणी, चवथीचे गणपती, सगळं तो करायचा. पण घरोघरी प्लास्टिकच्या घागरी आल्या होत्या. गणपतीचे दोन महिने सोडले तर वर्षभर त्याचं चाक अर्धा दिवस रिकामं. डिचोलीच्या एका खाणीच्या कंत्राटदाराशी तो बोलून आला होता. शिगमो, म्हणजे शिमगा, झाला की खनिजाच्या ट्रकवर जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. एकदा तो ट्रकवर चढला की चाकावर परत बसणार नाही, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

पाओलाला मी कारापूरला घेऊन गेले. तिनं त्याचं काम पाहिलं आणि सांगितलं की तिच्या शाळेला सहा महिन्यांसाठी असा एक माणूस हवा आहे. शिकवायला. पुढंही दर वर्षी. निवड मात्र शाळेचे प्रमुख करणार, त्यांचं नाव ब्रूनो. ते फेब्रुवारीत येणार होते. भेट ठरली गुरुवार, नऊ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजता, म्हापशातल्या एका हॉटेलच्या अंगणात. सगुणनं आपलं लहान चाक, जे तो जत्रेला घेऊन जायचा, ते आणि माती घेऊन यायचं. मी ती तारीख पुस्तकात पाहून इटालियनमध्ये म्हणून दाखवली, तेव्हा पाओलानं माझा हात दाबला. सगुणनं भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चौकोनावर ओल्या मातीचं बोट टेकवलं. टॅक्सी आणि बाकीची व्यवस्था गौरेशनं अंगावर घेतली.

सोमवारी, सहा तारखेला, भिकाजी आपा वारले.

मला हे कळलंच नाही. मंगळवारपासून गुरुवारपर्यंत पेडण्याला आम्हा शिक्षकांचं शिबिर होतं आणि मी तिथं नणंदेकडे राहिले होते. सगुणनं मंगळवारी म्हापशाच्या स्टँडवर येऊन हरमल बसच्या कंडक्टरजवळ, बाबलीजवळ, निरोप दिला होता. निरोप एवढाच होता: रोहिणीबायेक सांग, भिकाजी आपा गेले.

यापुढं काही सांगायची गरज त्याला वाटली नाही आणि आमच्याकडे कोणालाही वाटली नसती. भावकीतला माणूस गेला म्हणजे दहा दिवस सुतक. त्यांच्या घराण्यात सुतकात चाकाला हात लावत नाहीत, चाकावर गोणपाट टाकून ठेवतात. हे मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. गुरुवारी जमणार नाही, अकराव्या दिवशी जमेल, हे सगळं त्या तीन शब्दांत आलंच. बाबलीला मी भेटले नाही म्हणून त्यानं तो निरोप बसस्टॉपवर माझ्या पुतण्याकडे दिला. घरच्याच माणसाकडे. त्याचंही काही चुकलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी आले तर पाओला व्हरांड्यात बसलेली. एरवी धावत यायची. त्या दिवशी तिनं मनगटावरचं घड्याळ मला दाखवलं आणि दहापासून बारापर्यंत बोट फिरवलं. त्यांच्या प्रमुखांनी दोन तास वाट पाहिली होती. सगुण आला नाही. मग गौरेशनं त्यांना सांगितलं की हे लोक असेच, यांना वेळ कळत नाही, माझ्याकडे दुसरा माणूस आहे. आणि दुसरा माणूस कुठं शोधावा लागला नाही, तो हॉटेलच्या दारातच उभा होता. कृष्णनाथ म्हणून, एका शोरूममध्ये गिऱ्हाइकांसमोर चाक फिरवून दाखवायचं काम करणारा. त्याला पाहून प्रमुख ठीक आहे म्हणाले होते.

मला पहिल्यांदा सगुणचाच राग आला. मग बाबली रात्रीची बस लावून घरी जाता जाता दारात थांबला आणि म्हणाला, वहिनी, निरोप पावलो मगो? निरोप काय होता आणि तो कोणाकडे दिला, ते त्यानं सांगितलं तेव्हा मला सगळं समजलं.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या आधी मी गौरेशच्या टेबलापाशी गेले. त्याला विचारलं, निरोप तुला मिळाला होता की नाही. मिळाला होता, म्हणाला. पाओलाला सांगितलंस का? सांगितलं, म्हणाला, त्याचा कोणीतरी म्हातारा काका वारला असं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, तसं ते म्हणालेही.

"आणि सुतकात तो येणार नाही, हे?"

"काकी, ते त्यांना कोण समजावणार? इंग्लिशमध्ये शब्द नाही त्याला."

"शब्द नाही म्हणून तू त्यांना दोन तास अंगणात बसवलंस?"

"म्हातारा मेला तो मेला. जिवंत माणसाला बसमध्ये बसून यायला काय झालं होतं? हीच आपल्या लोकांची खोड. अपॉइंटमेंट म्हणजे काय ते कळतच नाही."

बसची वाट बघणारी माणसं ऐकत होती, म्हणून मी आवाज चढवला नाही. मी त्याला म्हटलं की दहा दिवसांत एक दिवस इकडचा तिकडे होत नाही, आणि त्यासाठी कोणी चिठ्ठी लिहून घेत नाही. ती वेळ पाळणाऱ्या माणसाला तू वेळ कळत नाही म्हणालास. तो कॅल्क्युलेटरची बटणं दाबत राहिला. कृष्णनाथकडून त्याला काही मिळणार होतं का, हे मी विचारलं नाही. मिळणार नसतं तरी माझा राग तेवढाच राहिला असता.

दुपारी पुस्तक घेऊन बसले. त्या धड्यात दंतवैद्याकडची वेळ कशी घ्यायची ते होतं. केस कापायला बुधवारऐवजी शुक्रवारी आलं तर चालेल का, तेही होतं. नाटकाची तिकिटं, आगगाडी, मित्राबरोबर कॉफी. एवढ्या सगळ्या भेटी, आणि माणूस मेल्यामुळे मोडलेली भेट एकही नाही. मला त्या पुस्तकाचाही संताप आला. त्या इंग्रजांच्या घरात कोणी मरतच नव्हतं की काय?

शेवटी मी वहीचं पान फाडलं आणि मुलांना पाढा लिहून देतात तसं इटालियनमध्ये लिहिलं. वर लिहिलं, भिकाजी मेला. खाली एकेक वार आणि तारीख. सोमवार सहा, चाक नाही. मंगळवार सात, चाक नाही. बुधवार आठ, गुरुवार नऊ, अशा दहा ओळी, प्रत्येकीपुढं नाही. अकरावी ओळ: ज्योवेदी सेदिची फेब्रायो, आल्ले सेत्ते. गुरुवार सोळा फेब्रुवारी, सकाळी सात. तिच्यापुढं लिहिलं, चाक आहे. दहा वेळा नाही आणि एकदा आहे.

पाओलानं ते पान वाचलं. नऊ तारखेच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. मग ती काहीतरी भराभर बोलली, ते माझ्या पुस्तकात नव्हतं, पण त्यात गौरेशचं नाव होतं. नंतर शांत होऊन इंग्लिशमध्ये म्हणाली की एक अडचण आहे. प्रमुखांचं विमान त्याच सोळा तारखेला, दुपारी दीडला, दाबोळीहून. आदल्या दिवशी, बुधवारी, ते दिवसभर मोकळे आहेत. बुधवारी जमणार नाही का?

रविवारी मी कारापूरला गेले. हरमलहून म्हापसा, म्हापशाहून साखळीची बस. सगुण ओसरीवर बसला होता, दाढी वाढलेली. चाकावर गोणपाट होतं. घरात कोणी पाणीही विचारलं नाही, सुतकात विचारत नाहीत. म्हापशाला काय झालं ते मी त्याला सांगितलं. तो ऐकून नुसता म्हणाला, हांवें निरोप धाडिल्लो. त्याच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता. आपला निरोप पोचूनही न पोचल्यासारखा होईल, हे त्याच्या डोक्यात बसतच नव्हतं.

मग मी ते बोलले, जे बोलल्याची मला आजही लाज वाटते. म्हटलं, सगुण, एका दिवसाचा प्रश्न आहे. बुधवारी दहावा दिवस. सकाळचे विधी झाले की दुपारी चाकावर बसलास तर कोण बघणार आहे? ते परके लोक, त्यांना काय कळतंय? पुढं खाणीवर जायचंय का तुला?

म्हणजे मी गौरेशचंच बोलत होते, जरा गोड आवाजात.

सगुणनं माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही.

"बाय, आपा काय उठून बघूंक येवचो नाय," तो म्हणाला. "पण माझो हात पयलो चाकार तेणेंच धरिल्लो. बुधवारी ह्या चाकार बसलों, तर मागीर इटलीत जावन हांव त्यांच्या भुरग्यांक काय शिकवूं?"

आपाच्या सुतकात चाकावर बसून त्यांच्या मुलांना तो काय शिकवणार, हे मला पटलं. मी उठले. सोमवारी पाओलाला सांगितलं, गुरुवारच, सातच. तिनं प्रमुखांना सांगितलं. त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. बघतो म्हणाले.

बुधवारी शाळेतून अर्धी रजा टाकून मी माहेरी गेले. गुरुवारी पहाटे सगुणच्या घरी शुद्धी झाली, गोमूत्र शिंपडलं, तो विहिरीवर आंघोळ करून आला. सात वाजायला पाच मिनिटं असताना त्यानं चाकावरचं गोणपाट काढलं, चाकाला हळदकुंकू लावलं. सात वाजले. त्यानं रस्त्याकडे पाहिलं नाही. मातीचा गोळा ठेवला आणि काठीनं चाक फिरवलं.

मी मात्र रस्त्याकडेच पाहत होते. सव्वासात. साडेसात. पहिली कळशी त्यानं दोऱ्यानं कापून फळीवर ठेवली. पावणेआठ. शेजारच्या बायका दारात आल्या, येतत मगो ते, असं मला विचारून गेल्या. आठ वाजता चौथं भांडं फळीवर आलं. माझ्या मनात आलं, झालं, ते सरळ विमानतळावर गेले. सगुणला विचारलं, थांबतोस का? तो म्हणाला, सातांक सांगिल्लां मगो, म्हणून करतां.

आठ वाजून वीस मिनिटांनी टॅक्सी आली. पाओला उतरली, तिचं तोंड लाल झालं होतं. मागून प्रमुख, उंच, पांढऱ्या मिशांचे. पुढच्या सीटवरून गौरेश. वाटेत काही झालं का, मी पाओलाला विचारलं. तिनं गौरेशकडे बोट केलं. टॅक्सी त्यानं हरमलला उशिरा आणली होती आणि वर म्हापशाला चहाला थांबवली होती. ते घाई करत होते तेव्हा त्यानं त्यांना समजावलं होतं की इथं सात म्हणजे साडेआठ. लवकर जाऊन काही उपयोग नाही, तो माणूस तोपर्यंत उठलेलाही नसेल.

प्रमुखांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते फळीसमोर उभे होते. फळीवर पाच भांडी होती, सहावं चाकावर. पहिल्या कळशीच्या काठाची ओल उडायला लागली होती, दुसरीची थोडी कमी, पाचवं अजून चकचकीत ओलं. मातीकाम करणाऱ्या माणसाला दुसरं घड्याळ लागत नाही. त्यांनी पहिल्या कळशीला बोटाचं टोक लावलं, मग दुसरीला. मग मनगटावर पाहिलं. मग वळून गौरेशला इंग्लिशमध्ये विचारलं, हा माणूस केव्हापासून बसला आहे?

गौरेश टॅक्सीच्या दिशेनं वळला.

उत्तर मी दिलं, इटालियनमध्ये. सात वाजल्यापासून. दोनच शब्द, पुस्तकातले. त्या आठवड्यात मला तेवढे पुरले.

प्रमुख सगुणच्या समोर जमिनीवर बसले, चांगल्या पँटसकट. वीस मिनिटं ते त्याचे हात पाहत राहिले. सगुणनं सहावं भांडं उतरवलं, सातवं घेतलं. ते घुमटाचं होतं, दोन्हीकडे तोंड असलेलं, आणि ते करताना त्याच्या कोपरांची हालचाल पाहायला प्रमुख पुढं वाकले. मग उठून त्यांनी डायरी काढली. पाओला म्हणाली, ते विचारतात, पहिल्या जूनला येशील का?

मला वाटलं, आता तरी हा हो म्हणेल. सगुणनं हात पुसले.

"जूनात कसो येवं? चवथीचे गणपती कोण करतलो? घरोघरची माणसां पाट आणून दितली. चवथ जावं दी, आमचो पांच दिसांचो गणपती पावतलो, मागीर येतां."

एक क्षण मला वाटलं, हे मी सांगू नये. कृष्णनाथ पहिल्या जूनला नाचत गेला असता. पण रविवारचं माझं बोलणं मला आठवत होतं. मी सगुणच्या वहिनीकडून पंचांग मागून घेतलं. चवथ चार सप्टेंबरला होती, पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन आठला. मी प्रमुखांना सांगितलं, लुनेदी ऊन्दिची सेत्तेंब्रे, सोमवार, अकरा सप्टेंबर, त्याआधी नाही. आणि जमेल तसं हेही सांगितलं की गावच्या सगळ्या घरांनी त्याच्याकडे आधीच वेळ ठरवलेली आहे.

त्यांनी लिहिलेली जूनची तारीख खोडली आणि अकरा सप्टेंबर लिहिली. डायरी सगुणपुढं धरली. सगुणला ते अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्यानं आकडा पाहून मान हलवली. मग प्रमुखांनी उशीर झाल्याबद्दल त्याची माफी मागितली, दोनदा. सगुण मला हळूच म्हणाला, तेंका सांग, काय हरकत ना, आतां निघूं दी, ना तर विमान चुकतलें.

टॅक्सी वळवली. पाओला पाठीमागं सरकून बसली आणि तिनं माझ्यासाठी दार धरलं. म्हापशापर्यंत येतेस का, म्हणाली. पुढून गौरेशही म्हणाला, ये काकी, म्हापशाला सोडतो, तिथून हरमलची बस मिळेल. आवाज अगदी नेहमीसारखा, जणू काहीच घडलं नव्हतं. पुढं अनेक वर्षं तो लोकांना सांगायचा की कारापूरच्या कुंभाराला इटलीला मी पाठवलं.

मी म्हटलं, माझी नऊची बस आहे.

ती बस त्या दिवशी पंचवीस मिनिटं उशिरा आली. मी उन्हात उभी राहिले, पण त्याच्या टॅक्सीत बसले नाही.